वाकिद

वीस किलो. तंबू, तांदूळ, सुकी मासळी, रॉकेलचा डबा,
आणि किकुएबाईंची घडीची खुर्ची,
जिच्यावर त्या तीन दिवसांत एकदाही बसल्या नाहीत.
बांबूची वाकिद पाठीवर चढली
की मला तंबुयुकोन दिसतच नाही,
दिसतात फक्त पुढच्या माणसाच्या टाचा.

या टाचा एकाहत्तर वर्षांच्या.
ओसाकाच्या टपालकचेरीत जन्मभर पत्रं निवडली, म्हणाल्या,
मोडक्यातोडक्या मलायमध्ये, दम खात खात.
घरी खिडकीत, काचेच्या पेटीत,
तीस वर्षं एक घटपर्णी सांभाळली, अंगठ्याएवढी.
"थोरली एकदा बघू दे.
मग या गुडघ्यांनी खुशाल संप करावा."

दुसऱ्या दिवशी झाडं खुजी होत गेली.
वरची माती तांबडी, लोखंडाची,
गंजलेल्या कढईसारखी.
बाबा म्हणायचे, इथे बी पेरलंस तर शरमेनं मरेल.
जळवा तेवढ्या धष्टपुष्ट.

धुकं जरासं सरकलं
आणि ती तिथेच होती, शेवाळात बूड टेकून,
तांब्याहून मोठी, काळजाच्या रंगाची,
ओठ दुमडलेले, झाकण उघडं.
किकुएबाई काही बोलल्या नाहीत.
टोपी काढली, गळ्यातलं भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.
मग आत डोकावल्या.
पाण्यात डासांची पोरं वळवळत होती,
मारायला ठेवलेल्या पाण्यात
आरामात वाढत होती.

"पुस्तकात हिला राजा म्हणतात," त्या कुजबुजल्या.
राजा काय जेवतो ते मी सांगितलं नाही.
थांबा, म्हटलं.

पाऊण तासानं आली झाडचिचुंद्री.
काठावर चढली, झाकणाखालचा मध चाटू लागली,
बूड नेमकं तोंडावर,
आणि चाटता चाटता
मोकळी झाली.
शेपटी झटकून गेलीसुद्धा.

किकुएबाई एवढ्या हसल्या
की मला त्यांचा दंड धरावा लागला.
"रोज?"
"रोज. टपालासारखं, वेळेवर."

मग त्यांना खड्डे दिसले.
सात. पावसाचं पाणी साचलेले.
"डुकरं?"
डुक्कर उकरतं तेव्हा माती उधळते.
इथे कडा सरळ होत्या, कुदळीच्या.
"डुकरं," मी म्हटलं.

त्यांनी भिंग त्या कडांवर धरलं नाही.
धरू शकल्या असत्या.
एवढंच म्हणाल्या, "ही पेटीत जगत नाही.
हिला रात्रीची थंडी लागते.
आणि ती चिचुंद्री."

दोन वर्षांपूर्वी, अमावास्येला,
याच वाकिदीत सात रोपं उतरली,
ओल्या शेवाळात गुंडाळलेली, तान्ही असल्यासारखी.
वाहणारा माझा भाऊ, गिम्बांग.
शहरातला माणूस गाडीचं इंजिन बंद न करता
नोटा मोजत होता.
त्या महिन्यात आमच्या छपरावर पत्रे आले.
आईच्या अंथरुणावर गळायचं थांबलं.
एका रोपाला साधारण चार पत्रे,
मी हिशेब केला होता, नको असताना.

उतरताना ओझं हलकं, तांदूळ संपलेला.
फाट्यावर किकुएबाईंनी पैसे दिले, दोन्ही हातांनी,
आणि खुर्ची.
"मला नको. माझ्या पाठीनं नव्हती वाहिली."

आता ती आमच्या घरात, खिडकीशी.
संध्याकाळी पाऊस पत्र्यांवर तुटून पडतो
तेव्हा मी तिच्यावर बसते.
गिम्बांग जाळं विणता विणता विचारतो,
"म्हातारीनं बघितलं का वर? काय म्हणाली?"

मी कानावर हात ठेवून दाखवते.
पत्रे फार वाजतात.